अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ : मालिश कोठे करावी, कोठे टाळावी

पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे किंवा दीर्घ आजार यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर शरीराचा भार अखंड पडत राहतो. वाशीम जिल्ह्यातील रिसोडसारख्या शेतीप्रधान तालुक्यात अशा रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरचीच माणसे करतात. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घरची माणसे शेतात आणि रुग्ण बाजेवर तासन्‌तास एकाच कुशीवर, अशी वेळ येते. रात्री मालिश करून ही उणीव भरून निघेल, असा समज मात्र घातक ठरतो. मालिशने आराम मिळतो. शय्याव्रण टळतो तो कूस बदलल्यानेच.

मालिशची पद्धत

मालिश करणाऱ्याने नखे कापलेली असावीत. अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात व हात धुवावेत. रुग्णाला कुशीवर वळवून पुढे उशीचा आधार द्यावा. पक्षाघात झालेला हात धरून ओढू नये. पाठ कोमट पाण्याने पुसून हलकेच टिपून कोरडी करावी. तीळ किंवा खोबरेल तेल तळहातावर घेऊन कमरेपासून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यांपर्यंत सावकाश हात न्यावेत आणि कडेने हलकेच खाली आणावेत. कण्यावर दाब देऊ नये. तीन ते पाच मिनिटे पुरेशी होतात. त्या वेळी रुग्णाचा चेहरा पाहत राहावे. वेदना दिसताच थांबावे.

कोठे चोळू नये

माकडहाड, खुबे, खांद्याची हाडे, कोपरे व टाचा येथे हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. दाबामुळे तेथील रक्तपुरवठा खुंटतो. लाल झालेली जागा चोळल्याने आतील नाजूक ऊती आणखी दुखावतात. जोखमीची त्वचा जोराने चोळू नये, असे २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बजावले आहे. स्पिरिट लावून पावडर चोळण्याची जुनी रीतही सोडावी. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते.

लाल जागा बोटाने क्षणभर दाबून पाहावी. ती फिकट न होता लालच राहिली, तर शय्याव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताने तपासावे. अशा जागेवर भार पडू देऊ नये.

हाड मोडलेले असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाल्यास, ताप, उघडी जखम किंवा पायात रक्ताची गुठळी असल्यास, तसेच रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये.

कूस बदलण्याची पाळी

सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. मध्ये भोक असलेली गोल चकती वापरू नये, तिच्या कडेचा दाब पडतो. चादर सुरकुतलेली वा ओली राहू देऊ नये. हंगामात घरातील एकाने घरी थांबावे किंवा शेजाऱ्यांशी पाळ्या ठरवून घ्याव्यात. कातडी सोलवटली, फोड आला किंवा दुर्गंधी सुटली, तर घरगुती लेपांवर विसंबून न राहता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.