हातातला हात

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याला आपला हात लागला, तर सवर्णांनी गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं. १९३२ च्या पुणे करारानं राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त. आपला माणूस कोण, हे ठरवणार तेच शुद्धीवाले! १९५२ ला उत्तर मुंबईत बाबासाहेब पडले, काँग्रेसचे काजरोळकर आले.

मात्र प्रौढ मतदानानं आपल्या हातालाही भाव आला. आता उमेदवार वस्तीत येतो, गळ्यात पडतो, भाकर खातो, फोटो काढून घेतो. म्हातारी माणसं हरखतात. त्यांना हसू नका, लांबून टाकलेली भाकर त्यांनी झेललीय. मी उमेदवाराला एवढंच विचारतो : १९८९ च्या अत्याचारविरोधी कायद्याखाली फिर्याद द्यायला आमची माणसं ठाण्यात गेली, तेव्हा तुमचा फोन कुणासाठी आला होता?