मुखाच्या स्पर्शज्ञानाची परीक्षा

दाढ काढण्यापूर्वीं दंतवैद्य औषधाची सुई टोंचतो आणि थोड्याच वेळांत अर्धा ओठ बधिर होतो. पाण्याचा पेला तोंडाला लावला तर त्याची कड अर्धीच जाणवते. परंतु तोच ओठ हालतो मात्र पूर्वीप्रमाणेंच. स्पर्शज्ञान आणि गति यांचे मार्ग भिन्न आहेत, हें साधें सत्य सिद्ध होण्यापूर्वीं पुष्कळ रोग्यांस वैद्यांच्या अज्ञानाचें फळ भोगावें लागलें. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूस मेंदूंतून निघणारे दोन प्रमुख मज्जातंतु पसरलेले आहेत. एक पांचवा व दुसरा सातवा. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं त्यांचीं कामें निश्चित झालेलीं नव्हतीं. गालांत व जबड्यांत वीज चमकावी तशी कळ मारणारा एक दारुण विकार आहे. तो बरा करण्यासाठीं कित्येक शस्त्रवैद्य सातवा तंतु कापीत. कळ होती तशीच राही; तोंड मात्र वांकडें होई व डोळ्याची पापणी मिटेनाशी होई.

1821 सालीं चार्लस बेल यांचा मज्जातंतूंविषयींचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. पांचवा तंतु स्पर्शज्ञान देतो हें त्यांनीं ओळखलें होतें. पण एका प्रयोगानें ते फसले. गाढवाच्या वरच्या ओठाकडे जाणारी त्या तंतूची शाखा कापतांच तें ओठानें दाणे उचलीनासें झालें. तेव्हां ही शाखा ओठास गतिही देते, असें अनुमान त्यांनीं काढलें. त्यांचेच विद्यार्थी हर्बर्ट मेयो यांनीं 1822 सालीं त्यांतील चूक दाखविली. ओठाची शक्ति गेली नव्हती. दाणा ओठास लागला, एवढेंच जनावरास कळत नव्हतें. चेहऱ्याची संवेदना व चर्वणाचे स्नायु पांचव्याकडे, आणि ओठ, गाल व पापण्या यांची हालचाल सातव्याकडे, अशी वांटणी अखेर ठरली.

गाढवास काय वाटतें तें विचारतां येत नाहीं, मनुष्यास येतें. लाइप्झिग येथील एर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांनीं 1834 सालच्या आपल्या ग्रंथांत या विचारण्यास मापाची जोड दिली. कंपासचीं दोन टोंकें त्वचेवर टेंकवावयाचीं, आणि तीं एक वाटतात कीं दोन, एवढेंच विचारावयाचें. जिभेच्या शेंड्यावर सुमारें 1 मिलिमीटर अंतरही ओळखूं आलें. पाठीच्या मध्यभागीं 60 मिलिमीटरांहून अधिक अंतर लागलें. ‘बधिर’ या ढोबळ शब्दाच्या जागीं आंकडा आला.

आजही अक्कलदाढ काढतांना जिभेच्या किंवा खालच्या ओठाच्या तंतूस इजा झाली, तर वैद्य रोग्यास डोळे मिटावयास सांगून कापूस, सुई व कंपास यांनीं हीच परीक्षा घेतात. वेळोवेळीं आलेले आंकडे ताडून पाहिले म्हणजे संवेदना परत येत आहे, कीं शस्त्रक्रियेचा विचार केला पाहिजे, हें ठरवितां येतें. साधनें कितीही सुधारलीं, तरी ‘लागलें’ कीं ‘नाहीं’ हें सांगणारा साक्षीदार रोगीच होय. सातवा तंतु कापलेल्या मनुष्याच्या गालास हात लावून एवढेंच विचारलें असतें आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला असता, तर पुढचा रोगी त्या शस्त्रापासून वांचला असता.