१३ व्या वर्षी करार, १६ व्या वर्षी अमेरिकेत नंबर वन : 'रॉयल्स'वाल्या लॉर्डची सुरुवात नेमकी कशी झाली?

ऑक्टोबर २०१३. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत पहिल्या नंबरवर मायली सायरसचं 'रेकिंग बॉल' होतं. गाजलेला व्हिडिओ, जगभर चर्चा, सगळं जोरात सुरू होतं. आणि त्याला खाली ढकलून वर आलं एक असं गाणं, ज्यात गिटार नाही, पियानो नाही. आहेत त्या फक्त चुटक्या, ड्रम, खोल बेस आणि एका मुलीचा आवाज.

गाण्याचं नाव 'रॉयल्स'. गायिकेचं नाव लॉर्ड. देश न्यूझीलंड, वय १६ वर्षं.

हे गाणं सलग ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. १९८७ मध्ये टिफनी नावाच्या गायिकेने ही यादी गाठली होती. तिच्यानंतर इतक्या कमी वयात एकटीच्या नावावर पहिला नंबर मिळवणारी लॉर्डच.

तेव्हा अनेकांना वाटलं, ही पोरगी एका रात्रीत स्टार झाली. प्रत्यक्षात त्यामागे चार वर्षं होती. आणि त्या चार वर्षांत तिने घेतलेला एक निर्णय चुकला असता, तर 'रॉयल्स' लिहिलंच गेलं नसतं.

लॉर्ड आहे कोण?

तिचं खरं नाव एला मारिया लानी येलिच-ओकॉनर. जन्म ७ नोव्हेंबर १९९६, ऑकलंडच्या टाकापुना भागात. ती लहानाची मोठी झाली जवळच्याच डेव्हनपोर्ट या समुद्रकाठच्या उपनगरात. वडील सिव्हिल इंजिनियर आणि आई सोन्या येलिच कवयित्री.

आई कवयित्री असल्यामुळे घरात पुस्तकांची कमी नव्हती. एला लहान वयातच रेमंड कार्व्हर, कर्ट वॉनेगट असे मोठ्यांचे लेखक वाचायला लागली. १४ वर्षांची असताना तिने आईच्या मास्टर्सच्या प्रबंधाचं प्रूफ तपासून दिलं होतं. म्हणजे सूर सापडण्याआधी तिला शब्द सापडले होते. पुढे याच गोष्टीचा तिला फायदा झाला.

शाळेच्या स्टेजवरून रेकॉर्ड कंपनीत

२००९ मध्ये बेलमाँट इंटरमिजिएट शाळेत टॅलेंट शो झाला. १२ वर्षांच्या एलाने एका मित्रासोबत त्यात गाणी म्हटली. मित्राच्या वडिलांना तिच्या आवाजात काहीतरी वेगळं जाणवलं. त्यांनी दोघांची रेकॉर्डिंग्ज युनिव्हर्सल म्युझिकच्या स्कॉट मॅकलॅकलन यांच्याकडे पाठवली. मॅकलॅकलन यांचं काम नवीन कलाकार हेरणं. त्यांना आवाज आवडला आणि एला १३ वर्षांची असताना युनिव्हर्सलने तिच्यासोबत 'डेव्हलपमेंट डील' केली.

आता ही डेव्हलपमेंट डील म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचं तर, कंपनी लगेच अल्बम काढत नाही. ती कलाकाराला घडवण्यासाठी वेळ आणि पैसा लावते. गाण्याचे क्लास, स्टुडिओत सराव, अनुभवी लोकांसोबत बसून गाणी लिहिणं, असं सगळं त्यात येतं. कलाकार तयार झाला तर पुढे खरी गुंतवणूक होते. नाही झाला, तर गोष्ट तिथेच संपते आणि बाहेर कुणाला कळतही नाही. असे करार जगभरात होतात. त्यातली फार थोडी नावं आपल्यापर्यंत पोहोचतात.

मग तिने नाही म्हटलं

कंपनीचा सुरुवातीचा विचार सरळ होता. मुलीचा आवाज वयाच्या मानाने भारदस्त आहे, तर जुन्या सोल गाण्यांची कव्हर्स तिच्याकडून गाऊन घ्यावीत.

व्यवसायाच्या नजरेने पाहिलं तर यात काही गैर नव्हतं. गाणी आधीच लोकप्रिय असतात, त्यामुळे धोका कमी. पण एला तयार झाली नाही. तिला स्वतःची गाणी लिहायची होती.

१३-१४ वर्षांच्या मुलीने मोठ्या कंपनीला असं सांगणं सोपं नाही. संधी हातून जाऊ शकते. पण कंपनीने ऐकलं आणि तिला वेगवेगळ्या गीतकारांसोबत बसवून पाहिलं. तिथेही काही जमेना. समोरचा माणूस वयाने आणि अनुभवाने मोठा असला की गाणं त्याचंच होऊन जातं, ही अशा जोड्यांमधली नेहमीची अडचण.

डिसेंबर २०११ मध्ये तिची गाठ पडली जोएल लिटल यांच्याशी. लिटल आधी 'गुडनाईट नर्स' या पॉप-पंक बँडमध्ये गायचे आणि आता ऑकलंडमध्ये छोटा स्टुडिओ चालवत होते. दोघांचं जमलं. शब्द आणि चाली मुख्यतः तिच्याकडून यायच्या, बीट्स आणि ध्वनीची बाजू लिटल सांभाळायचे. शाळेला सुट्टी लागली की ती स्टुडिओत जायची.

'लॉर्ड' हे नाव कुठून आलं?

एलाला राजघराणी आणि सरदार-उमरावांच्या गोष्टींचं भारी आकर्षण होतं. म्हणून तिने 'लॉर्ड' हा शब्द निवडला. पण तो पुरुषी वाटत होता. मग तिने इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक 'ई' जोडलं. उच्चार तोच राहिला, लिहिताना नाव वेगळं झालं. त्यामुळे कुणी 'लॉर्डे' म्हणालं तर ते चूक आहे, बरं का!

'रॉयल्स' कसं सुचलं?

रॉयल्स म्हटलं की आपल्याला आधी राजस्थान रॉयल्स आठवते. गंमत म्हणजे या गाण्याचा संबंधही खेळाशीच आहे, फक्त बेसबॉलशी. 'नॅशनल जिओग्राफिक'च्या १९७६ च्या एका अंकात बेसबॉलपटू जॉर्ज ब्रेट चेंडूंवर सह्या करतानाचा फोटो छापून आला होता. त्याच्या जर्सीवर संघाचं नाव होतं, 'रॉयल्स'. कॅन्सस सिटी रॉयल्स. एलाला तो शब्द आवडला आणि डोक्यात राहिला.

जुलै २०१२ च्या शाळेच्या सुट्टीत तिने घरी बसून अर्ध्या तासात गाण्याचे शब्द लिहिले. विषय अगदी तिच्या आजूबाजूचा. रेडिओवरच्या गाण्यांमध्ये हिरे, महागड्या गाड्या, शॅम्पेन. आणि ती गाणी ऐकणारी पोरं राहतात साध्या उपनगरात, हातखर्चाचे पैसे मोजत. हे अंतर तिने गाण्यात पकडलं. ऐकणाऱ्या टीनएजर्सना ते आपलं वाटलं, कारण लिहिणारी त्यांच्याच वयाची होती.

आधी फुकट, मग विक्री

नोव्हेंबर २०१२ मध्ये 'द लव्ह क्लब' ही पाच गाण्यांची ईपी साउंडक्लाउडवर आली, तीही फुकट. ईपी म्हणजे अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच. गायिकेच्या फोटोंचा मारा नाही, मुलाखती नाहीत. ही कोण आहे हेच लोकांना कळेना, त्यामुळे चर्चा गाण्याचीच झाली. सुमारे ६० हजार डाउनलोड झाल्यावर युनिव्हर्सलने मार्च २०१३ मध्ये ही ईपी विक्रीला आणली. 'रॉयल्स' न्यूझीलंडमध्ये पहिल्या नंबरवर पोहोचलं.

एप्रिल २०१३ मध्ये नॅपस्टरचे सहसंस्थापक शॉन पार्कर यांनी हे गाणं स्पॉटिफायवरच्या आपल्या लोकप्रिय प्लेलिस्टमध्ये टाकलं आणि ते अमेरिकेत पसरायला लागलं. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'स्प्लेंडर इन द ग्रास' महोत्सवात फ्रँक ओशनने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा त्याच्या जागी लॉर्डला बोलावलं गेलं. २७ सप्टेंबर २०१३ ला 'प्युअर हिरोइन' हा पहिला अल्बम न्यूझीलंडमध्ये आला. दहा गाणी, सगळी लॉर्ड आणि लिटल यांची. 'टेनिस कोर्ट', 'टीम', 'रिब्ज' ही त्यातलीच. 'रिब्ज'मध्ये तर मोठं होण्याची भीती आहे, जी १६ व्या वर्षी रात्री अचानक पोटात गोळा आणते.

सगळ्यांनीच कौतुक केलं का?

नाही. 'रॉयल्स'वर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. गाण्यात ज्या श्रीमंतीच्या खुणांची खिल्ली उडवली आहे, त्यातल्या बऱ्याच हिप-हॉपशी, म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारांच्या संगीताशी जोडलेल्या आहेत. मग टीका फक्त त्यांच्यावरच का, असा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. दुसऱ्या बाजूने सांगितलं गेलं की हे एका दूरच्या देशातल्या मुलीने रेडिओवर ऐकलेल्या जगाबद्दल लिहिलं आहे. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे आणि हा वाद आजही अधूनमधून निघतो.

दुसरा संशय मात्र अजब होता. इतकं लिहिणारी मुलगी १६-१७ वर्षांची असूच शकत नाही, अशी कुजबुज इंटरनेटवर सुरू झाली. शेवटी २०१४ मध्ये एका वेबसाईटने तिचा जन्मदाखलाच मिळवून छापला. वय खरं निघालं.

त्याच वर्षी तिने ट्विटरवर स्वतःचे एकाच दिवशीचे दोन फोटो टाकले. एकात एडिटिंग करून चेहरा गुळगुळीत केलेला, दुसरा मूळ. चेहऱ्यावर डाग असले तरी चालतात, हे तिला चाहत्यांना सांगायचं होतं.

ग्रॅमी आणि पुढे

जानेवारी २०१४ मध्ये १७ वर्षांच्या लॉर्डला चार ग्रॅमी नामांकनं होती. त्यातले दोन पुरस्कार मिळाले : 'साँग ऑफ द इयर' आणि 'बेस्ट पॉप सोलो परफॉर्मन्स'. यातला 'साँग ऑफ द इयर' जास्त महत्त्वाचा, कारण तो गाणाऱ्याला नाही, गाणं लिहिणाऱ्याला दिला जातो. म्हणून तो लॉर्ड आणि लिटल या दोघांना मिळाला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. समोर सॅन फ्रान्सिस्कोचा संघ. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या काही रेडिओ स्टेशन्सनी 'रॉयल्स' वाजवणंच बंद केलं!

त्याच वर्षी तिने 'हंगर गेम्स' मालिकेतल्या 'मॉकिंगजे : पार्ट १' चित्रपटाच्या साउंडट्रॅकची जबाबदारी सांभाळली. दुसरा अल्बम 'मेलोड्रामा' मात्र जून २०१७ मध्ये आला. जवळपास चार वर्षांचं अंतर. पॉपमध्ये इतका वेळ थांबणं धोक्याचं मानलं जातं, पण या अल्बमला ग्रॅमीच्या 'अल्बम ऑफ द इयर'चं नामांकन मिळालं.

आज शाळकरी मुलं फोनवर गाणं रेकॉर्ड करून थेट जगासमोर टाकतात. कंपन्या तेव्हाही आवाज शोधत होत्या, आजही शोधतात. अशी ऑफर आली की पालक आधी पैसे किती आणि करार किती वर्षांचा हे विचारतात. ते विचारायलाच हवं. पण लॉर्डची ही चार वर्षं पाहिली तर आणखी एक प्रश्न यादीत घालायला हवा : गाणी लिहिणार कोण?