घणापासून यांत्रिक हातोड्यापर्यंत

पवनीच्या कोटाभोवतालचा खंदक पाहताना आम्हांला प्रश्न पडला : खोदणाऱ्यांच्या कुदळी घडल्या कशा? उत्तराचा धागा शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, नैकुंडला मिळतो. तेथील उत्खननात अडीच हजार वर्षांहून जुनी लोहभट्टी सापडली. अशा भट्टीत लोखंड वितळत नसे. मळीने भरलेला सच्छिद्र गोळा मिळे. तो तापवून घणाने ठोकला की मळी बाहेर पडे. म्हणजे घणाचे पहिले काम शुद्धीकरणाचे!

घण मारणाऱ्याचा खांदा ही येथली मर्यादा. जेम्स नॅस्मिथने १८४२ मध्ये वाफेच्या हातोड्याचे पेटंट घेऊन ती ओलांडली. पुढे पट्ट्यावर चालणारे छोटे हातोडे लोहारशाळांत आले.

आज असा जुना हातोडा घेऊन दुरुस्त करायचा, तर मोटारीआधी ऐरण पाहावी. तापलेले लोखंड उसळत नाही असे धरून आणि जमिनीचा आधार सोडून हिशेब करू. ऐरण हातोड्याइतकीच जड असेल, तर निम्मी ऊर्जा तिला हलवण्यातच जाते. दसपट जड असेल, तर अकरावा हिस्साच. दाबयंत्रात मात्र सारा जोर चौकटच झेलते. तेथे चौकटीचे तडे पाहावेत.

संवेगाच्या अक्षय्यतेचे हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर सोडवून घ्यावे. गावच्या लोहाराचे पैसे आणि खांदा, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.