हातकुऱ्हाड आणि तिची चिठ्ठी

संग्रह करण्याची हौस माणसाला बहुधा जन्मजातच असते. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी संतांच्या तसबिरी. परंतु मानवजातीच्या वयाविषयीची अवघी समजूत ज्या संग्रहाने पालटून टाकली, तो संग्रह होता नदीकाठच्या साध्या दगडांचा. त्याची कथा वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा मानस आहे.

ज्या दगडांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांना पुरातत्त्वज्ञ ‘हातकुऱ्हाड’ म्हणतात. हिला दांडा नसतो. पेरूच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता आणि दोन्ही अंगांनी छिलके उडवून घडवलेला हा दगड मुठीत धरून वापरीत असत. मांस कापणे, कातडे सोलणे, लाकूड तासणे अशी अनेक कामे या एकाच हत्याराने होत. आफ्रिकेत केनिया देशातील सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडी सुमारे साडेसतरा लक्ष वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. म्हणजे ती घडविणारे हात तुमच्याआमच्या जातीच्या मानवाचेही नव्हेत. ते आपल्याही आधीच्या आदिमानवांचे!

इंग्लंडमधील हॉक्सन या खेड्यात विटांसाठी माती खणताना अशी हत्यारे सापडत असल्याचे जॉन फ्रेअर या गृहस्थाने १७९७ साली लंडनच्या पुरावस्तू मंडळाला पत्राने कळविले. जमिनीखाली सुमारे बारा फुटांवर ती होती, आणि ती फार दूरच्या काळातील असावीत असे त्याने सुचविले. मजूर मात्र ती टोपल्या भरभरून रस्त्यावरच्या चाकोऱ्या बुजवायला वापरीत होते. मंडळाने पत्र छापले, दगड ठेवून घेतले आणि विषय विसरला. जगाची निर्मिती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली, ही आर्चबिशप अशर यांची गणना तेव्हा अनेकांच्या मनात घट्ट बसलेली होती. त्या चौकटीत फ्रेअरचे दगड मावत नव्हते.

पुढे फ्रान्समध्ये, सोम नदीकाठच्या आबव्हिल या गावी, जकात खात्याचे प्रमुख जाक बुशे द पर्थ (१७८८–१८६८) यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. गावाभोवतीच्या वाळू-खडीच्या खाणींतून मजुरांना सापडणारे घडीव दगड ते जमवीत. त्याच थरांत हत्ती व गेंडे यांच्या नामशेष जातींची हाडे निघत. मग हा माणूस त्या प्राण्यांचा समकालीन नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्या ग्रंथाच्या नावातच त्यांनी या वस्तूंना ‘जलप्रलयापूर्वीच्या’ म्हटले. तो ग्रंथ १८४९ साली प्रसिद्ध झाला, पण विद्वानांनी त्याची उपेक्षाच केली.

त्या उपेक्षेला एक कारण खुद्द ग्रंथातही होते. बुशे द पर्थ यांना प्रत्येक दगडात माणसाचा हात दिसे. पक्ष्यासारखा दिसणारा, चेहऱ्यासारखा दिसणारा, निसर्गानेच घडविलेला गोटाही ते प्राचीन शिल्प म्हणून संग्रहात घालीत. खऱ्याबरोबर खोटे मिसळले, की पाहणारा दोन्ही नाकारतो. उत्साह हा संग्राहकाचा गुण खरा. पण त्याला विवेकाची जोड नसेल तर तोच त्याचा वैरी होतो.

तरीही सत्य दडून राहिले नाही. आमियां शहरातील डॉक्टर रिगोलो हे आरंभी संशयी होते. पण शेजारच्या सँ-आशल येथील खाणींत स्वतः शोध घेतल्यावर १८५४ साली त्यांनी आपले मत बदलले. १८५८ साली ह्यू फाल्कनर हे शास्त्रज्ञ आबव्हिलला गेले. त्यांनी भारतात अनेक वर्षे काढून शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांचा अभ्यास केला होता. बुशे द पर्थ यांचा संग्रह पाहून त्यांनी आपले भूवैज्ञानिक मित्र जोसेफ प्रेस्टविच यांना तिकडे जाण्याचा आग्रह केला. १८५९ च्या एप्रिलमध्ये प्रेस्टविच व जॉन इव्हान्स तेथे पोहोचले. २७ एप्रिल रोजी सँ-आशलच्या खाणीत एक हातकुऱ्हाड थरात रुतलेली असतानाच तिचे छायाचित्र काढण्यात आले. कोणी म्हणू नये की मजुरांनी ती नंतर आणून ठेवली! त्याच वर्षी मे-जूनमध्ये दोघांनी लंडनच्या विद्वत्सभांपुढे निबंध वाचले, आणि मानवाचे अतिप्राचीनत्व मान्य झाले. परत आल्यावर इव्हान्स यांना पुरावस्तू मंडळाच्या कपाटात तसेच दगड दिसले. ते फ्रेअरचे होते. बासष्ट वर्षे ते वाट पाहत होते.

या यशाला लवकरच गालबोट लागले. मानवी हाड शोधून देणाऱ्यास बुशे द पर्थ यांनी दोनशे फ्रँकांचे बक्षीस जाहीर केले होते. १८६३ साली मूलँ-किन्यॉ येथील खाणीत एक जबडा व काही हातकुऱ्हाडी ‘सापडल्या’. इव्हान्स यांनी त्या कुऱ्हाडी नव्याने घडविलेल्या असल्याचे ओळखले. गरीब मजुरांना आम्ही फारसा दोष देत नाही. जिथे सत्याला भाव लावला जातो, तिथे असत्याचा कारखाना निघायला वेळ लागत नाही.

योगायोग असा की त्याच १८६३ च्या मे महिन्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार मिळाले, आणि सप्टेंबरात अत्तिरमपाक्कम येथे हातकुऱ्हाडी मिळाल्या. अत्तिरमपाक्कमची हत्यारे सुमारे पंधरा लक्ष वर्षे जुनी असल्याचे २०११ साली जाहीर झाले. फूट स्थळांची काळजीपूर्वक नोंद ठेवीत, म्हणूनच त्यांच्या संग्रहाला आजही मोल आहे. आपल्या महाराष्ट्रातही प्रवरेकाठी नेवासे परिसरात डॉ. सांकळिया व त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. ज्या भूमीत ज्ञानेश्वरी जन्मली, तिथे त्याआधी लक्षावधी वर्षे कोणाचे तरी हात राबत होते!

श्रद्धावंतांनी यामुळे बिचकण्याचे कारण नाही. या हत्यारांचा आयुष्यभर अभ्यास करणारे आबे ब्रॉय (१८७७–१९६१) हे कॅथोलिक धर्मगुरूच होते. उत्पत्तीचे पुस्तक आपल्याला कोणी व कशासाठी निर्मिले हे सांगते. किती वर्षांपूर्वी, हे नदीचा थर सांगतो. दोन्हींचा कर्ता एकच, असे आम्ही मानतो.

अखेर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. छायाचित्रातील ती हातकुऱ्हाड पुढे हरवल्यासारखीच झाली होती. दीडशे वर्षांनी लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील असंख्य दगडांतून ती पुन्हा ओळखता आली. याचे श्रेय प्रेस्टविच यांनी तिच्यावर चिकटवलेल्या स्थळ-तारखेच्या लहानशा चिठ्ठीला जाते. चिठ्ठी नसती, तर ती इतर दगडांसारखाच एक दगड ठरली असती. आपल्या मुलांना शेतात वा नदीपात्रात असा घडीव दगड दिसला, तर तो उचलून शोभेच्या कपाटात ठेवण्याची घाई त्यांनी करू नये. तो कुठे, कोणत्या थरात आहे, हे लिहून ठेवावे व जाणकारांना कळवावे. वस्तू आपली झाली आणि तिचे जन्मस्थान हरवले, तर आपण केवळ दगड मिळवतो. त्याची साक्ष मात्र कायमची गमावतो.