हिवतापाचा प्रचार आणि जामखेडच्या बाया : बोलायचे कुणी, ऐकायचे कुणी?

एप्रिल महिना आपल्याकडे जयंतीचा. ११ तारखेला जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. मंडप उतरतो न उतरतो तोच २५ एप्रिल येतो, जागतिक हिवताप दिन. प्राथमिक आरोग्य केंद्रावर फलक लागतो, शाळेची प्रभातफेरी निघते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याची घोषणा होते. त्यानंतर तीनच दिवसांनी २८ एप्रिल. २०१४ साली याच दिवशी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

आमच्या पिढीला जामखेड आठवते ते खर्ड्यामुळे. जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत मात्र जामखेड शिकवले जाते ते तिथल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांनी गावाचे आरोग्य बदलले म्हणून. ही दोन जामखेडे वेगळी नाहीत, तालुका तोच आहे. हिवतापाविरुद्धच्या प्रचाराचा इतिहास या तालुक्यात उभे राहून वाचला, तर आपल्या चळवळीला काही जुने प्रश्न नव्याने विचारता येतील असे आम्हाला वाटते.

सुरुवात थोडी मागून करू. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. शोध रोनाल्ड रॉसचा, नोबेलही त्याचेच. पण ते डास ज्या माणसाच्या रक्तावर पोसले त्याचे नाव हुसेन खान. दर डासाच्या चाव्यामागे त्याला एक आणा मिळाला. दहा डास चावले, दहा आणे झाले. त्याला थंडीताप कसा यायचा, कुठे राहायचा, काय खायचा, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही. त्याचे रक्त तेवढे इतिहासात आले, तोंड आले नाही. हा आण्याचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९४६ पासून मुंबई प्रांताच्या धारवाड व उत्तर कन्नड भागात घराच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिले गेले. गुण आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हिवताप हद्दपार करण्याचा संकल्प सोडला आणि १९५८ मध्ये आपल्या कार्यक्रमाच्या नावातही नियंत्रणाच्या जागी निर्मूलन आले. प्रचार जोरात होता. १९६० च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय हिवताप निर्मूलन हाच होता. ७ एप्रिल १९६२ रोजी देशोदेशींनी हिवतापविरोधी टपाल तिकिटे काढली, भारतानेही काढले. हे यश खोटे नव्हते. १९६१ मध्ये देशातील नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले होते. आमच्या आज्यांच्या पिढीतली कितीतरी लेकरे या पांढऱ्या फवाऱ्यामुळे जगली. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल.

पण त्या प्रचाराची बोलण्याची तऱ्हा पाहा. जिनिव्हा दिल्लीला सांगणार, दिल्ली जिल्ह्याला, जिल्हा फवारणीवाल्याला आणि फवारणीवाला घरातल्या बाईला: भांडी बाहेर काढा. ती काही बोलली तर ते लिहून घ्यायला वहीत रकाना नाही. बायांनी फवारलेल्या भिंती सणासुदीला पुन्हा शेणामातीने सारवल्या, तेव्हा औषध सारवणाखाली गेले. अहवालांनी याला लोकांचे अज्ञान म्हटले. ती बाई सण आला म्हणून भिंत सारवते आहे आणि फवारणीची तारीख सणाच्या आधी ठेवली कुणी, हा प्रश्न उलट दिशेने जातच नव्हता. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' का ठेवले, ते अशा वेळी नीट कळते. मुका म्हणजे जीभ नसलेला असे नाही. ज्याचे बोलणे नोंदवायला रकानाच ठेवलेला नाही, तो मुका.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक खटकते. हिवतापाच्या भित्तिचित्रांत नेहमी काय दिसते? तुंबलेले गटार, उकिरडा, झोपडी. जणू हिवताप घाणीतून येतो आणि घाण गरिबाच्या दारात असते. विज्ञान वेगळेच सांगते. हिवताप पसरवणारी ॲनाफिलीस डासाची मादी अंडी घालते ती बहुतेक तुलनेने नितळ, साचलेल्या पाण्यात: पाटाच्या कडेची डबकी, विहिरी, शेततळी, उघड्या टाक्या, हातपंपाखालचे पाणी. घाण गटारात वाढतो तो मुख्यत्वे क्युलेक्स, हत्तीरोगवाला. म्हणजे बागायतदाराचा पाट आणि इमारतीवरची टाकी हिवतापाला जास्त मानवते. तरी चित्रात दिसते ती वस्तीच. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा'. रॉसने ती समजूत खोडून काढली, पण आपल्याकडे तिच्या जागी सोवळे-ओवळे येऊन बसले. रोग म्हणजे विटाळ, विटाळ म्हणजे गावकुसाबाहेर. गटारे साफ व्हायलाच हवीत, ती आमचीही मागणी आहे. पण रोगाचे बोट जातीकडे वळवणारे चित्र शास्त्रीय म्हणून खपवू नये.

आता फवारणीवाला किंवा पुढच्या काळातला आरोग्यसेवक पोहोचतो कुठवर? घनश्याम शाह, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आदींनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी केली, ती २००६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात सुमारे ३३ टक्के गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देतात असे आढळले. सुमारे ४८ टक्के गावांत पाण्याच्या ठिकाणी मज्जाव होता. हे एकविसाव्या शतकातले आकडे. १९६० च्या दशकात घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधणाऱ्या यंत्रणेची वही याच गावांतून फिरत होती, एवढेच आम्ही म्हणतो.

१९७६ मध्ये देशात हिवतापाचे चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. डासांना डीडीटी पचू लागले होते, औषधांचा तुटवडा होता, यंत्रणा सुस्तावली होती. सगळा दोष जातीवर टाकणे बरोबर नाही. १९७७ मध्ये सुधारित योजना आली आणि लोकसहभाग हा शब्द सरकारी कागदात उतरला. गावोगाव क्लोरोक्विनच्या गोळ्या वाटण्याची केंद्रे ठरली. कल्पना चांगली. फक्त गोळ्या कुणाच्या घरी ठेवायच्या? वाड्याच्या ओसरीवर ठेवल्या, तर रात्री तापाने फणफणलेल्या पोराची मांगवाड्यातली आई ती पायरी चढणार होती का? लोकसहभाग म्हणताना लोक कोण, हे विचारले नाही की असे होते.

हाच प्रश्न त्याआधी सात वर्षे जामखेडमध्ये विचारला गेला होता. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू केले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतलेले हे डॉक्टर. तालुका अवर्षणाचा, आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ. लोकांनी पहिल्यांदा मागितले ते औषध नव्हते, पाणी होते. विंधनविहिरी आल्या. त्यातल्या बऱ्याचशा दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवे तर गावाला वस्तीत यावे लागणार. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे तळ्यावर चालत गेली, इथे हातपंपासाठी गाव वस्तीत चालत आले. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. महाडचा हक्क लढून मिळवायचा होता, इथे जागा निवडणाऱ्याची अक्कल होती. पण पाण्याची जागा बदलली की माणसांची वाट बदलते, हे तिथे दिसले. हातपंपाखाली पाणी साचू नये म्हणून शोषखड्डे खणणे हाही आरोग्याच्या कामाचाच भाग होता. डासांवरचे व्याख्यान आणि खड्डा खणणारे कुदळ-फावडे यांत फारकत नव्हती.

आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या, जमले नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत. वेगवेगळ्या जातींच्या या बायांना झोपायला एकच भलीमोठी गोधडी. समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही रोटीबंदी आणि बेटीबंदी शिकलो, गोधडीबंदीचा धडा कुठे नव्हता. दिवसा चित्रे, गाणी, अनुभव यांतून शिकायचे आणि घरी जाऊन आपल्या बोलीत सांगायचे. एकजण चुकली तर दुसरी सांगे. गाव लगेच ऐकत नसे. हिच्या हातचे औषध घ्यायचे का, असा प्रश्न येई. पण अडलेली बाळंतीण सुटली, जुलाबाने सुकलेले लेकरू मीठ-साखरेच्या पाण्याने तरले, की तीच दारे उघडत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, १९९० च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. एकट्या हिवतापासाठी हे काम नव्हतेच, आणि आमच्या मते तेच त्याचे बळ होते. ताप, जुलाब, भूक, नवऱ्याचा मार, पाणी, हे त्या बाईला एकाच घरात दिसत होते. वेगवेगळे विभाग कचेरीत असतात.

जगाने हे पाहिले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७८ मध्ये अल्मा-आटा परिषदेत १३४ देशांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा मान्य केला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्याच १९७९ मध्ये अमेरिकेतून दुसरा सूर निघाला. वॉल्श आणि वॉरेन या तज्ज्ञांनी लिहिले की सगळ्यांना सगळे देणे परवडणार नाही, निवडक गोष्टी द्या: लसी, स्तनपान, जलसंजीवनी, हिवतापाच्या भागात लहान मुलांना क्लोरोक्विन. पैसा त्या बाजूला वळला. गोळी मोजता येते, मोजलेले दात्याला दाखवता येते. गोधडी मोजता येत नाही.

१९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की हे सुंदर आहे, पण महाग आहे आणि आम्हाला मिळणारे नाही. मग आपला साधा दिवा दाखवला: हा स्वस्त आहे आणि एकावरून दुसरा लावता येतो. सभा उठून उभी राहिली. आरोग्याच्या प्रचाराला ज्याला आज ॲडव्होकसी म्हणतात, तिचा इतका नेमका नमुना आम्हाला दुसरा माहीत नाही.

मात्र जगाने त्यातून घेतले काय? दिवा स्वस्त असतो, एवढेच. इथे आमचे जामखेडच्या गौरवगाथेशी भांडण आहे. या बाया प्रामुख्याने सेवाभावाने काम करत, त्यांना पोटापाण्यासाठी इतर उद्योगांचा आधार होता, गावात मान होता, पाठीशी दवाखाना होता. सरकारने पुढे हा साचा उचलला तेव्हा सेवाभाव तेवढा घेतला. २००५ पासून आशाताई आल्या. त्यांना कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. हिवतापाच्या एका रक्तनमुन्यामागे त्यांना १५ रुपये ठरवले गेले. हुसेन खानला दर डासामागे एक आणा होता. सव्वाशे वर्षांत दर बदलला, उक्ते मोजण्याची पद्धत तीच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशाताईंना जागतिक नेतृत्वाचा पुरस्कार दिला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावे लागले.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, आरोळे ख्रिस्ती, पैसा परदेशी, हे दयेचे काम, त्यात आंबेडकरी काय? शंका योग्य आहे. दया आणि हक्क यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे, आणि दवाखान्याने जात संपत नाही हे खर्ड्याने दाखवले. गोधडीखाली एकत्र झोपलेल्या बायांच्या तालुक्यात, चाळीस वर्षांनी, साक्षीदाराला कोर्टात खरे बोलता आले नाही. पण म्हणून ते काम परके ठरवून सोडून देणे आम्हाला पटत नाही. ज्या बाईला गावाने कधी ऐकले नव्हते ती बोलली आणि गावाला ऐकावे लागले, ही गोष्ट आपली आहे. ती आपण सांगितली नाही म्हणून दुसऱ्यांनी त्यातली जात गाळून सांगितली. जामखेड मॉडेल आम्ही एम.ए.ला शिकलो तेव्हा टिपणात लोकसहभाग, स्वावलंबन, सक्षमीकरण हे शब्द होते. जात हा शब्द नव्हता.

२०२३ मध्ये जगात हिवतापाचे २६ कोटींहून अधिक रुग्ण आणि सुमारे सहा लाख मृत्यू झाले, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुले. आपल्या राज्यात हिवतापाचे मोठे ओझे गडचिरोलीच्या आदिवासींवर आहे. देशाने २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. फलक लागतील, फेऱ्या निघतील.

येत्या ग्रामसभेत, १ मे रोजी, आपल्या तरुणांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला मिळणारा दहा हजारांचा अबंधित निधी कशावर खर्च झाला, आणि समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का. फवारणीच्या नोंदवहीत वस्तीतली किती घरे आहेत आणि त्या दिवशी पथक खरोखर आले होते का. हातपंपांना, नळकोंडाळ्यांना शोषखड्डे आहेत का, की ते फक्त गावठाणात झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावाने घरोघर शोषखड्डे करून दाखवले आहेत, त्यामुळे हे होत नाही असे ग्रामसेवकाने सांगू नये. आणि बोलायला आशाताईंना पुढे करा. त्या वस्तीतल्या असतील तर आपण मागे उभे राहू. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका.

जय भीम.