पान लागलं

आमच्या भागात साप चावला असं जुनी माणसं म्हणत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. रात्रीच्या वेळी तर सापाला साप म्हणायचंच नाही. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. नाव घेतलं की येतं, अशी समजूत. १९८७ साली वडिलांनी नाशिक रोडचं क्वार्टर सोडलं आणि आम्ही सिन्नरजवळच्या मळ्यात राहायला आलो, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. 'अमक्याच्या पोराला पान लागलं' हे ऐकून मला वाटायचं, तोंड रंगलं असेल.

आजीने पहिल्याच आठवड्यात आम्हा भावंडांना मळ्याचे कायदे शिकवले. गोवऱ्यांच्या हुडव्यात काठी आपटल्याशिवाय हात घालायचा नाही. कडब्याची पेंढी ओढायची ती वाकून नाही, लांबून. चप्पल उलटी करून झटकायची. रात्री बांधावरून जाताना पाय आपटत जायचं. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपायचं नाही, मग पाहुणे कितीही असोत. घरात बाजा पाच आणि माणसं नऊ, तरी हा कायदा मोडत नसे. दोघं-तिघं एका बाजेवर आडवेतिडवे झोपायचो. गंमत वाटायची. आजी मात्र त्यावर कधी हसली नाही.

कारण माझी थोरली चुलती. ती गेली १९७१ च्या श्रावणात, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मी तिला पाहिलेलं नाही, जे सांगतो ते आजीच्या तोंडून ऐकलेलं. पहाटे चारच्या सुमाराला ती उठली ती पोटात कळा येतात म्हणून. रात्री शिळी भाकरी खाल्ली होती, त्यामुळे ओवा दिला, पोट शेकलं. उजाडता उजाडता तिच्या पापण्या मिटायला लागल्या. बोलणं जड झालं. मग कुणीतरी तिची गोधडी उचलून झटकली आणि खालून काळं, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं जनावर निघालं. मण्यार.

तिला बैलगाडीत घालून मारुतीच्या देवळात नेलं. कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला नाही तर विष चढलं, ही परीक्षा. ती चावूच शकत नव्हती. मंत्र घालणारा शेजारच्या गावाहून येईपर्यंत दिवस वर आला होता. आजी म्हणायची, "डोळं मिटल्यालं होतं रं, पण मी हात धरला तर बोट हालवत हुती. तिला समदं कळत हुतं."

आता वाचून कळतं की आजी बरोबर होती. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक, दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून जाग आलेल्या माणसाला पोटदुखीच वाटते. विष नसांवर काम करतं. आधी पापण्या, मग घसा, मग श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र शुद्धीवर असू शकतो. वेळेत लस दिली आणि श्वास यंत्रावर किंवा हाताने फुगा दाबून चालू ठेवला, तर असा माणूस उठून घरी जातो.

आणि लस तेव्हा होती. या गोष्टीपाशी मी दर वेळी अडतो. सर्पविषावरचा उतारा आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकातच शोधला होता. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं आणि त्याच्या रक्तात तयार होणारा प्रतिकार काढून घ्यायचा, ही मूळ रीत आजही तीच आहे. मुंबईत परळला प्लेगच्या लशीसाठी १८९९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशाळेची पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, आणि तिथे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालणारी एकच लस बनू लागली. चुलती गेली तेव्हा तिचं औषध दोनशे किलोमीटरच्या आत बाटलीत भरलं जात होतं. परळहून निघून आमच्या वस्तीपर्यंत ते यायला रस्ता नव्हता, गाडी नव्हती, आणि औषध असतं ही बातमीसुद्धा नव्हती.

मांत्रिकाची चलती का होती, तेही सांगायला हवं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, नानेटी, कवड्या चावला तर माणूस मरत नाहीच. विषारी सापही कधीकधी नुसता दात लावतो, विष सोडत नाही. म्हणजे देवळात नेलेल्यांतले बरेच जण वाचणारच होते, आणि ते वाचले की नाव मंत्राचं व्हायचं. जे गेले त्यांचं 'उशीर केला' म्हणून मिटायचं. या मंडळींना मी लुच्चे म्हणणार नाही. आमच्याकडचा तर पैसाही घेत नसे. पण त्या देवळाच्या ओट्यावर जो वेळ गेला, त्याने माणसं मारली.

विंचवाची गोष्ट जरा बरी झाली. आमच्या मुरमाड जमिनीत दगड उलटला की विंचू. काळी मोठी इंगळी दिसली की बायामाणसं किंचाळत. लहान तांबड्या विंचवाला चपलेने मारून पुढे जात. खरं भय उलटं आहे. इंगळीच्या नांगीने आग होते, पण जीव घेतो तो तांबडा, आणि त्यातही लहान पोरांचा. १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचवाच्या विषाने हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी रात्र-रात्र रोग्याजवळ बसून टिपलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे एखाददुसरा दगावू लागला. त्यांचं काम लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्याचं दुखणं खेड्यातच बसून सोडवल्याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

बारीकसारीक चावणाऱ्यांचं काय सांगावं! डास, चिलटं, पिसवा, ढेकूण. वस्तीच्या जुन्या घराच्या दाराशेजारी भिंतीवर 'एन.एम.ई.पी.' अशी अक्षरं आणि तारखा होत्या. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा देशव्यापी कार्यक्रम निघाला, त्यातल्या डीडीटी फवारणीची ती नोंद. फवारणीवाले गेले की आजी आठवड्याभरात भिंती सारवून काढायची. भिंत पांढरी-पांढरी दिसते, सणाला बरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. औषध शेणाखाली, डास शेणावर. साठच्या दशकात देशातला मलेरिया वर्षाला लाखाच्या आसपास उतरला होता, तो १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर गेला. त्यात आमच्या आजीचा वाटा किती, देव जाणे.

गोचिडांचा इतिहास मात्र दुधाचा इतिहास आहे. घरची डांगी गाय होती तोवर गोचीड ही पोरांच्या करमणुकीची बाब होती. दुपारी बसून वेचायच्या आणि कोंबड्यांना टाकायच्या. उरलेल्या गायबगळे टिपत. दुधाचा धंदा वाढला, संकरित गाई आल्या, आणि मग 'गोचीड ताप' हा शब्द गोठ्यात शिरला. डांगीची कातडी आणि रक्त इथलं. जर्सीला तो ताप सोसत नाही. गाय चारा टाकते, गाठी सुजतात, दूध आटतं. सिन्नर विड्यांचं गाव, त्यामुळे तंबाखूची भुकटी मिळायची. ती उकळून तिचं पाणी जनावराच्या अंगाला लावत. गोचीड पडायची खरी, पण पाणी दाट झालं आणि वासराने अंग चाटलं तर वासरूच आडवं व्हायचं. तंबाखू हेही विषच.

सापाकडे बघायची नजर १९८० नंतर बदलत गेली. त्या वर्षी नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ सापांबरोबर काचेच्या पिंजऱ्यात ७२ तास बसले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण गावात तो कुणी वाचला होता? खैऱ्यांचा फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला. आज आमच्याकडे जनावर निघालं की काठीआधी फोन शोधतात आणि सर्पमित्र येतो. मळ्यात नवीन बंगले बांधून आलेली शहरी मंडळी तर मांजर दिसलं तरी त्याला बोलावतील. ही मंडळी कुंपणाला झाडं लावतात, सरपण भिंतीला टेकवतात, कुत्र्याचं खाणं ओट्यावर ठेवतात. मग उंदीर येतात, आणि उंदरांमागून घोणस. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, तेव्हा आजीचे कायदे विचारायला येतात.

२०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबरमधली. लस आता तालुक्याला मिळते. कोरड्या भुकटीत येते, त्यामुळे वीज गेली तरी तिचं अडत नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. तरी माणसं मरतात, कारण आता जमिनीवर झोपणारे कमी झाले आणि रात्री पाणी भरणारे वाढले. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बाराला मोटर सुरू करून कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उभं राहायचं, हे कोणत्या शहाण्याने ठरवलं? दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. आमच्या फीडरवर ती अजून पोचायची आहे.

या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. पुतण्याने गमबूट घेतले आहेत, बॅटरी चार्जिंगला लावली आहे. मोटरच्या खोलीच्या दारावर त्याने कोळशाने लिहून ठेवलंय : कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पळायचं नाही, १०८. खाली लस मिळणाऱ्या दोन दवाखान्यांची नावं आहेत. पावसाने अक्षरं पुसली की तो पुन्हा गिरवतो.